वेशीपाशी

शिक्षकाचा धंदा हा खरे पाहता गळ्याचा धंदा आहे. गवयाचा गळा तेवढा लोकांच्या लक्षात येतो, कारण तो तिकीट लावून ऐकवला जातो. कीर्तनकारबुवांसाठीही कुणी ना कुणी खडीसाखर आणि लवंग पुढे करते. पण साठ मुलांचा वर्ग, भिंतीपलीकडे चाललेले पाढे आणि पत्र्यावर कोसळणारा रत्नागिरीचा पाऊस, या साऱ्यांच्या वरून आपला आवाज नेणाऱ्या बाईच्या गळ्याची चौकशी कुणी करीत नाही. तो बसला म्हणजेच त्याची आठवण होते. माझा २०१९ च्या श्रावणात बसला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिले, स्वरतंतूंवर गाठी धरल्या आहेत असे सांगितले आणि महिनाभर मौन पाळण्याचा हुकूम दिला. "कुजबुजायचेसुद्धा नाही हं," ते म्हणाले, "कुजबुजण्याने ताण उलट वाढतो." घरच्या मंडळींनी हा हुकूम जरा जास्तच आनंदाने ऐकला असे मला उगीचच वाटले.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्या वेळी स्वीडनमधील गोथेनबर्ग या गावी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पुण्याकडची पुष्कळ मुले या कामासाठी तिकडे जातात. मावशीची वाचा बंद झाल्याची बातमी त्याला कळली तेव्हा त्याने मला फोनवर एक गाणे पाठवले आणि खाली लिहिले, "मावशी, तुला बोलायची बंदी आहे, ऐकायची नाही. हा माणूस तुझ्यासारखाच शाळामास्तर आहे, आणि तीस वर्षे असा ओरडतो आहे. त्याला गाठी का झाल्या नाहीत, तेवढे तुझ्या डॉक्टरांना विचार."

मी स्वयंपाकघरात उभी राहून ते गाणे लावले. परसात सासूबाई कढीलिंब खुडत होत्या. त्या हातातली डहाळी तशीच घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, कुणाला मारतायत का काय?" मला उत्तर द्यायची बंदी होती, म्हणून मी नुसती मान हलवली, आणि ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

या संगीताला डेथ मेटल म्हणतात. नावातच मृत्यू आहे, तेव्हा सासूबाईंची शंका अगदीच निराधार नव्हती. गिटारीचा सूर विजेच्या यंत्रातून इतका फोडलेला असतो की प्रथम तो सूर वाटतच नाही, करवतीची करकर वाटते. त्याखाली ड्रम धावत असतो, म्हणजे अक्षरशः धावत असतो. या सगळ्याच्या वरून एक माणूस ओरडतो. गातो असे म्हणवत नाही. या प्रकारातले बहुतेक गायक खोल, पोटातून घोगरे गुरगुरतात. भाच्याने पाठवलेल्या माणसाचा आवाज मात्र उंच, फाटलेला आणि विनवणीचा होता. विहिरीत पडलेला माणूस वर कुणी आहे का म्हणून हाका मारतो, तसा.

मी तो प्रश्न खरोखरच कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांना मोठी गंमत वाटली. त्यांनी सांगितले की आपल्या घशात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्यांचे काम पडत नाही. या जातीचे गायक त्या वरच्या घड्या थरथरवतात, आणि श्वासाचा दाब पोटाने सांभाळतात. ज्याला हे साधत नाही त्याचा गळा लवकरच जातो. "तुम्ही शिक्षक मंडळी मात्र," ते म्हणाले, "खऱ्या तंतूंवरच ओरडता." हे वाक्य मी बरेच दिवस विसरले नाही. मौनाच्या त्या महिन्यात दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून मी त्या ओरडणाऱ्या मास्तराची आणि त्याच्या मंडळीची सगळी हकिकत मिळवून वाचून काढली. तिचा नाद नंतरही सुटला नाही.

मास्तरांचे नाव टोमास लिंडबर्ग. मंडळीचे नाव 'ॲट द गेट्स'. मी त्याचे मराठी मनातल्या मनात 'वेशीपाशी' असे करून टाकले आहे.

गोथेनबर्ग हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर. तिथले लोक आपल्या गावाला योतेबोरी म्हणतात. १७३१ साली स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी निघाली ती याच गावी. तिची जहाजे मुख्यतः चीनहून चहा आणीत. गावात नदी आहे, ट्राम आहे, भरपूर पाऊस आहे, आणि चर्चसारख्या दिसणाऱ्या एका इमारतीत १८७४ पासूनचा मासळीबाजार आहे. त्याला लोक 'मासळीचे चर्च' असेच म्हणतात. भाच्याचे हे वर्णन वाचून आमच्या रत्नागिरीच्या मंडळींना ते गाव फार आवडले. एके काळी तिथे मोठमोठ्या जहाजगोद्या होत्या. १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्या बहुतेक सगळ्या बंद पडल्या. टोमासचा जन्म १९७२ चा. तो आणि त्याचे सोबती वाढले ते हे गाव गोद्या मिटवून घेत असताना.

आता, लहान वयाची मुले अशा संगीताकडे वळतात कशी? आपल्याकडे लगेच म्हणतील, वाईट संगत. तिकडची एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते. स्वीडनमध्ये गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत. कुणाही मुलाला थोड्या पैशांत, पुष्कळदा शाळेच्या वेळातच, वाद्य शिकता येते. शिवाय तिथे 'अभ्यासमंडळे' नावाची एक जुनी रीत आहे. कामगार चळवळीने १९१२ साली प्रौढशिक्षणाची मोठी संस्था काढली, पुढे तशा आणखी झाल्या. चार माणसे एकत्र येऊन काही शिकणार असतील तर संस्था त्यांना जागा देते आणि सरकार संस्थेला अनुदान देते. मग ती माणसे इंग्रजी शिकोत, विणकाम शिकोत किंवा गिटारी बडवोत. चार पोरे एका तळघरात जमून असा गदारोळ करीत असतात आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद 'अभ्यास' अशी होते! मला ही कल्पना मनापासून आवडली. आमच्याकडे शाळेच्या सभागृहाची किल्ली मिळवायची म्हणजे तीन अर्ज करावे लागतात.

दुसरी गोष्ट टपालाची. १९८० नंतरच्या त्या काळात इंटरनेट नव्हते, आणि असले संगीत रेडिओवर लागणे शक्यच नव्हते. मग ही मुले एकमेकांना पत्रे लिहीत. स्टॉकहोमचा मुलगा फ्लोरिडातल्या मुलाला, तो ब्राझीलमधल्या मुलाला. पत्राबरोबर कॅसेट. त्या कॅसेटवरून आणखी दहा कॅसेटी. पोस्टाचे तिकीट पुन्हा वापरता यावे म्हणून त्यावर गोंद नाहीतर साबण चोळून ठेवण्याची युक्ती साऱ्या जगातल्या या पोरांना ठाऊक होती; शिक्का पाण्याने धुऊन जाई. हाताने लिहिलेली, कात्रणे चिकटवलेली, चक्रमुद्रित पत्रकेही ती काढीत. टोमासही त्यांतला एक. आपल्याकडे हस्तलिखित मासिकाचा एकच अंक घरोघर फिरत असे, त्याची ज्यांना आठवण आहे त्यांना या पोरांचे वेड परके वाटू नये. आपल्या आवडीचे दुसऱ्या माणसापर्यंत पोचवल्यावाचून चैन पडत नाही, हा रोग तोच आहे.

स्टॉकहोमच्या मुलांनी आघाडी मारली होती. 'निहिलिस्ट' नावाची मंडळी १९८७ साली जमली, मोडली आणि तिचीच पुढे 'एन्टूम्ड' झाली. त्यांची १९९० सालची पहिली तबकडी या स्वीडिश घराण्याचा पायाच म्हणायची. त्यांच्या त्या करवतीच्या आवाजाचे रहस्य मोठे मौजेचे आहे. बॉस या जपानी कंपनीची एचएम-२ नावाची एक छोटी काळी पेटी होती, गिटारीचा सूर बदलणारी. तिला चार कळा. कुठली कळ किती फिरवावी याचा विचार करण्यापेक्षा या पोरांनी चारही कळा शेवटापर्यंत फिरवून टाकल्या! पेटी करणाऱ्यांच्या मनात असा आवाज बहुधा कधीच नसावा. घराणी अशीही जन्माला येतात.

गोथेनबर्गच्या मुलांना त्यात सूर हवा होता. 'डार्क ट्रँक्विलिटी', 'इन फ्लेम्स' आणि 'ॲट द गेट्स' या तीन मंडळ्या त्या गावात १९८९-९० च्या सुमारास निघाल्या, आणि तिघींनी त्या गदारोळात चाल शिरवली. दोन गिटारी जोडीने चालतात, एक वरच्या सुरावर, एक खालच्या. त्यांतून निघणारी चाल बहुतेक वेळा उदास असते, लोकगीतासारखी. पहिल्या दहा वेळा ती ऐकू येत नाही. अकराव्या वेळी येते, आणि मग पुन्हा ती न ऐकणे आपल्या हातात राहत नाही.

'ॲट द गेट्स' १९९० साली जमली. टोमासची आधीची 'ग्रोटेस्क' ही मंडळी मोडली होती. तिच्यातला गिटारवाला आल्फ स्वेन्सन त्याच्याबरोबर आला. अँडर्स आणि योनास ब्योर्लर हे जुळे भाऊ आले. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती बेस. आड्रियन एर्लांडसन ड्रमवर बसला. जुळे भाऊ तेव्हा सतरा वर्षांचे होते. आमच्याकडे या वयाची मुले बारावीच्या शिकवण्यांना जातात.

पुढच्या वर्षी 'गार्डन्स ऑफ ग्रीफ', म्हणजे दुःखाच्या बागा, ही छोटी तबकडी निघाली. १९९२ साली पहिली मोठी, १९९३ साली दुसरी. पहिलीत व्हायोलिनसुद्धा आहे. ही दोन्ही कामे ऐकताना मला नवशिक्या कादंबरीकाराची आठवण होते. एका गाण्यात दहा गाण्यांचा ऐवज. एक चाल जरा रंगते आहे तोच तिला ढकलून दुसरी येते, कारण सांगायचे इतके आहे आणि पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही! हे गुंतागुंतीचे काम मुख्यतः आल्फचे. १९९३ साली तो मंडळी सोडून गेला आणि पुढे गोंदणकाम करू लागला. त्याच्या जागी मार्टिन लार्सन आला. १९९४ च्या तबकडीत हात बराच मोकळा झालेला दिसतो, आणि १९९५ साली 'स्लॉटर ऑफ द सोल' आली.

तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या एका कंपनीने ती काढली. कंपनीचे नाव 'इअरेक'. म्हणजे कानदुखी. व्यापारात इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. ध्वनिमुद्रण गावातच, फ्रेडरिक नोर्डस्ट्रोम यांच्या स्टुडिओत झाले. सगळी मिळून अकरा गाणी आणि वेळ साधारण ३४ मिनिटे. आमच्या शाळेचा एक तास. पहिल्या दोन तबकड्यांत जे जे कोंबले होते ते सारे इथे काढून टाकले आहे. एक चाल, तिचे उत्तर, पुन्हा ती चाल आणि संपले. लिहिणाऱ्या माणसाला कापण्याचे दुःख ठाऊक असते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ते इतक्या निष्ठुरपणे करावे याचे मला अजून नवल वाटते. 'कोल्ड' या गाण्यात गावातलाच एक वडीलधारा वादक, अँडी लारॉक, येऊन मध्येच काही क्षण गिटार वाजवून जातो. तो तुकडा मी सासूबाईंना मुद्दाम ऐकवला. "एवढे बरे आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही पदवीच समजायची.

अर्थ? शब्द काळेकुट्ट आहेत. आत्म्याची कत्तल, भीतीने आंधळे होणे, मरण. दिवाळीच्या अंकात हे कशाला, असे कुणी विचारील. मी एवढेच म्हणेन की शेजारच्या नॉर्वेत त्याच सुमारास, १९९२ मध्ये, अशाच एका संगीताच्या नादी लागलेल्या पोरांनी खरोखरच चर्चे जाळली, आणि पुढे खूनही पडला. काळोखाचे शब्द बोलणारी सगळीच मुले सारखी नसतात, आणि कोणते मूल कोणत्या वाटेला जाईल हे शब्दांवरून ओळखता येत नाही. वीस वर्षे वर्गात उभी राहून मला तरी ओळखता आलेले नाही. टोमासचा राग पुस्तकांकडे वळला. का वळला याला माझ्याकडे उत्तर नाही. तो वळला एवढे खरे.

तबकडी गाजली. मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यांवर गेली. आणि १९९६ साली, म्हणजे यश दाराशी आलेले असताना, मंडळी मोडली. अँडर्स थकला आणि बाहेर पडला. उरलेल्यांनी ठरवले की त्याच्याशिवाय हे नाव चालवायचे नाही.

मंडळी मोडणे ही मराठी माणसाला अपरिचित गोष्ट नव्हे. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी निघाली. आपल्या रंगभूमीचा इतिहास म्हणजे अर्धा अशा मोडण्याचा आणि अर्धा पुन्हा जमण्याचा. पण तिकडे मानापमानाची किंवा पैशांची मोठी कथा नव्हती. पाच मुले एका गाडीत बसून देशोदेशी हिंडली, झोप झाली नाही, एकमेकांचा आवाज सहन होईना. मला हे कारण अगदी पटते. मोठ्या भांडणातून माणसे सावरतात, रोजच्या जवळिकीतून सावरत नाहीत.

जुळे भाऊ आणि आड्रियन यांनी 'द हाँटेड' ही नवी मंडळी काढली. टोमास निरनिराळ्या मंडळ्यांत ओरडत राहिला, आणि पुढे शिक्षक झाला, समाजशास्त्र शिकवू लागला. इकडे त्या ३४ मिनिटांचे भाग्य मात्र उघडतच गेले. २००० नंतर अमेरिकेत तरुणांच्या किती तरी मंडळ्या निघाल्या, आणि त्यांच्या चाली ऐकाव्यात तर त्यांत 'स्लॉटर'ची नक्कल उघड दिसावी. ज्या गायकाच्या किंकाळीवरून समुद्रापलीकडची मुले आपली किंकाळी बेतत होती, तो स्वतः वर्गात उभा राहून मुलांना समाज म्हणजे काय ते शिकवीत होता.

हा भाग माझ्या मनातून जात नाही. मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत शिकवते. लोक मला विचारतात, "मग शाळा कशाला?" नाहीतर, "मग लिहिणे कशाला?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात यांतले एक खरे आणि दुसरे पोटासाठी असते. कोणते कोणते, ते विचारणाऱ्यावर अवलंबून. मला स्वतःला ही विभागणी कधी जमली नाही. सकाळी मुलांसमोर जे बोलून येते तेच रात्री दुसऱ्या आवाजात लिहिते. गाठी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सरळ विचारले होते, "शाळा सोडता येईल का?" तो प्रश्न मी घरी कुणाला सांगितला नाही. त्या महिन्यात एका अनोळखी गावच्या मास्तराचा फाटका आवाज ऐकत मी त्याचे उत्तर शोधीत होते, हे मला नंतर उमगले. श्वास कुठून घ्यावा, आवाज कुठे ठेवावा, हे मी एका बाईंकडे जाऊन पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकले, आणि दसऱ्यानंतर वर्गावर गेले.

मंडळी २००८ साली पुन्हा जमली. हा निरोपाचा दौरा, यानंतर प्रयोग नाहीत, असे जाहीर झाले. आपल्याकडच्या 'शेवटचे तीन प्रयोग' या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी पुढचे ओळखले असेल. दोन-तीन वर्षांत ती पुन्हा रंगमंचावर होती, आणि २०१४ साली, १९ वर्षांनी, नवी तबकडी निघाली. 'ॲट वॉर विथ रिॲलिटी'. या वेळी टोमासने शब्द लिहिले ते बोर्हेस आणि लॅटिन अमेरिकेतल्या जादुई वास्तववादी कथाकारांच्या वाचनातून. २०१८ च्या तबकडीसाठी त्याने पेटर वाइस यांची कादंबरी घेतली. वाइस हे जर्मनीत जन्मलेले लेखक. नाझींच्या काळात त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. १९३९ साली ते स्वीडनमध्ये आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या 'प्रतिकाराचे सौंदर्यशास्त्र' या तीन खंडांच्या कादंबरीची सुरुवात बर्लिनच्या संग्रहालयात होते. हिटलरच्या राज्यात काही तरुण एका प्राचीन ग्रीक शिल्पपटासमोर उभे आहेत आणि या दगडातल्या लढाईत आपल्यासारख्यांचे स्थान कुठे, असा विचार करताहेत. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी कला आपली कशी करावी, हा त्या ग्रंथाचा विषय. असला ग्रंथ उचलून त्यावर गाणी रचायची, आणि तीही अशा संगीतात, हे मास्तरालाच सुचेल! जाणकार १९९५ ची तबकडी श्रेष्ठ मानतात. मला २०१८ ची जास्त जवळची वाटते. पहिलीत तारुण्याचा वेग आहे. हिच्यात माणूस काही वाचून, काही गमावून आला आहे.

मात्र त्या तबकडीत अँडर्स नाही. तो २०१७ साली पुन्हा बाहेर पडला होता. या खेपेला मंडळी मोडली नाही. जुळा भाऊ योनास मागे राहिला, गाणी रचू लागला; दुसरा गिटारवाला आला. सतरा वर्षांचे असल्यापासून ज्याच्या शेजारी उभे राहून वाजवले, तो भाऊ नसताना वाजवायचे. एका चेहऱ्याची दोन माणसे, एक रंगमंचावर आणि एक घरी. यावर मी कधी तरी कथा लिहीन असे ठरवले होते. पण २०२२ साली अँडर्स परत आला, आणि माझ्या कथेचा शेवट त्याने माझ्याआधीच लिहून टाकला.

मग २०२३ चा डिसेंबर. टोमासच्या तोंडात, टाळूच्या भागात, दुर्मिळ जातीचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया मोठी होती. टाळूचा बराच भाग काढावा लागला. नंतर किरणोपचार झाले. २०२५ च्या आरंभी कळले की रोग उरलेला आहे आणि आता तो कापूनही जाणार नाही, किरणांनीही जाणार नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंडळीने हे सारे जाहीर केले. १६ सप्टेंबरला टोमास लिंडबर्ग गेला. त्रेपन्न वर्षे पुरी व्हायला एक महिना उणा होता.

भाचा आता पुण्याला परतला आहे. त्याने बातमी सांगितली तेव्हा मी विचारले, "गळ्याचे काही नव्हते ना रे?" तो म्हणाला, "नाही मावशी. गळा शेवटपर्यंत ठीक होता."

जाहीर केलेल्या मजकुरात आणखी एक गोष्ट होती. नव्या तबकडीचे काम तेव्हा चालू होते. टाळू जाणार हे ठरल्यावर टोमासने शस्त्रक्रियेआधी स्टुडिओत जाऊन आपला आवाज मुद्रित करून ठेवला. त्यानंतरच्या दीड-पावणेदोन वर्षांत बाकीची मंडळी कामाला बसली असतील तेव्हा तो आवाज किती वेळा लावला गेला असेल. पुढे, मागे, पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या दिवशी टोमासही तिथे येऊन बसला असेल. काचेपलीकडून त्याचाच आवाज येत असेल, उंच, फाटलेला, आणि योनासने त्याच्याकडे पाहिले असेल तेव्हा त्याने बोटाने खूण केली असेल: आवाज थोडा वाढव.